जपानची पहिली सहल: आधी शेवटची बस शोधा

पहिल्यांदा जपानला जाणारी बहुतेक मंडळी आराखडा टोकियोपासून सुरू करतात. चार दिवस टोकियो, तीन दिवस क्योटो, मध्ये एखादं खेडं जमलं तर बघू. हा क्रम उलटा करा. टोकियोत एक लोकल चुकली तर तीन-चार मिनिटांत दुसरी येते, रात्री अकराला पोचलात तरी हॉटेलचा काउंटर उघडा असतो, आणि चोवीस तास चालणारं दुकान कोपऱ्यावरच असतं. डोंगरातल्या गावातली शेवटची बस दुपारी चार-पाचलाच निघून जाते, जेवण सहाला वाढतात आणि अंधार पडला की रस्त्यावर माणूस दिसत नाही. शहर चूक पोटात घालतं, खेडं घालत नाही. म्हणून आधी खेड्यातल्या मुक्कामाची तारीख पक्की करायची, तिथे पोचवणारी आणि तिथून बाहेर काढणारी गाडी शोधायची, आणि उरलेल्या दिवसांत शहरं बसवायची.

दहा रात्रींचा सांगाडा

पहिल्या सहलीला हे पुरेसं आहे: टोकियोत ४ रात्री, किसो खोऱ्यातल्या त्सुमागोत १, क्योटोत ३, कोयासानच्या मंदिरात १ आणि ओसाकात १. विमान टोकियोला उतरणारं आणि ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून परतणारं घ्या. जाऊन-येऊन टोकियोचंच तिकीट काढलं तर परतीचे अडीच तास आणि सुमारे १४,००० येन पुन्हा शिंकान्सेन या वेगवान रेल्वेवर जातात. येनचा भाव साधारण ५५ ते ६० पैसे धरून हिशेब करा.

विमानाच्या तारखा ठरल्या की त्याच आठवड्यात त्सुमागो आणि कोयासानच्या खोल्या बुक करा. तिथे मुक्कामाच्या जागा मोजक्या असतात. टोकियोची हॉटेलं नंतर केली तरी चालतात. एक गोष्ट इथेच लक्षात घ्या: पारंपरिक सराया आणि मंदिरातले मुक्काम खोलीचा भाव सांगत नाहीत, माणशी भाव सांगतात, दोन जेवणं धरून. १५,००० येन वाचून दोघांची खोली मिळाली असं समजू नका, तो एकाचा आकडा असतो.

तारखा निवडताना २९ एप्रिल ते ५ मेचा सुट्ट्यांचा आठवडा, ऑगस्टच्या मध्यावरचे ओबोनचे दिवस आणि नववर्षाचा आठवडा टाळा. त्या दिवसांत सगळा देश गावी निघालेला असतो. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस, ऑगस्ट-सप्टेंबरात वादळं. चेरीचा बहर टोकियोत मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला येतो, क्योटोची लाल पानं नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. दोन्ही वेळा दर चढलेले असतात. मे महिन्याचा दुसरा पंधरवडा आणि ऑक्टोबरचा शेवट हे चालायला सर्वांत सुखाचे दिवस, आणि पहिल्या सहलीसाठी तेच निवडावेत.

रेल्वेचा देशभराचा पास घ्यायचा का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० वरून ५०,००० येनवर गेला. वरच्या सांगाड्यातली टोकियोपासून क्योटोपर्यंतची लांब पल्ल्याची सगळी तिकिटं सुटी काढली तरी २५,००० येनच्या आत बसतात. तेव्हा नको. टोकियोहून हिरोशिमापर्यंत जाऊन त्याच आठवड्यात परत येणाऱ्यांनी मात्र बेरीज करून बघावी.

व्हिसा आणि कागदपत्रं

१ एप्रिल २०२४ पासून भारतीयांना पर्यटनाचा ई-व्हिसा मिळतो. अर्ज व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या केंद्रात द्यायचा. एकदाच प्रवेश आणि जास्तीत जास्त ९० दिवसांचा मुक्काम. अर्जासोबत दिवसवार कार्यक्रम लिहून द्यावा लागतो, त्यामुळे आराखडा आधी पक्का असला की हे काम अर्ध्या तासात होतं.

अडचण येते ती विमानतळावर. ई-व्हिसाची सूचना मोबाइलवर, इंटरनेट चालू ठेवून, संकेतस्थळावरून थेट उघडून दाखवायची असते. छापील कागद, पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट ग्राह्य धरत नाहीत. म्हणजे भारतातून निघताना आणि जपानमध्ये उतरल्यावर, दोन्हीकडे फोनला नेट हवं. जपानचं ई-सिम निघण्याआधीच फोनमध्ये घालून ठेवा. ‘व्हिजिट जपान वेब’ या सरकारी संकेतस्थळावर इमिग्रेशन आणि कस्टमची माहिती भरून क्यूआर कोडही तयार ठेवा, रांगेत बराच वेळ वाचतो.

पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून फिरू नका. परदेशी पर्यटकाने तो सतत जवळ बाळगावा असा तिथला कायदा आहे.

औषधं: डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची एक महिन्यापुरती नेता येतात, त्याहून जास्त असतील तर आगाऊ परवानगी काढावी लागते. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असतं, त्या जपानमध्ये बेकायदा आहेत. घरातली नेहमीची सर्दीची पट्टी पिशवीत टाकण्याआधी मागचा मजकूर वाचा. मांसाचे कुठलेही पदार्थ नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, आंबे हेही नाही.

सामान

दोन बॅगा करा. एक मोठी, आणि एक पाठीवरची, जिच्यात दोन दिवसांचे कपडे, औषधं आणि खाऊ मावेल. मोठी बॅग तुमच्याबरोबर खेड्यात येणारच नाही.

जपानमध्ये ‘ताक्क्युबिन’ नावाची सामान पोचवणारी सेवा आहे आणि ती अतिशय भरवशाची आहे. टोकियोच्या हॉटेलच्या काउंटरवर सकाळी बॅग द्यायची आणि पावतीवर क्योटोच्या हॉटेलचं नाव, पत्ता, फोन, तुमचं बुकिंग ज्या नावावर आहे ते नाव आणि तिथे पोचण्याची तारीख लिहायची. एका बॅगेला आकारानुसार साधारण २,००० ते ३,५०० येन पडतात. टोकियोहून क्योटोला बॅग एरवी दुसऱ्या दिवशीच पोचते. तुम्ही मध्ये एक रात्र त्सुमागोत असाल, तर पोचवण्याच्या रकान्यात तुमच्या क्योटोच्या चेक-इनची तारीख लिहा. हा रकाना रिकामा राहिला आणि बुकिंगचं नाव जुळलं नाही, तर हॉटेलला बॅग कोणाची हे कळत नाही. विमानतळावर पाठवायची असेल तर किमान दोन दिवस आधी द्या.

बॅग स्वतःच नेणार असाल तर टेप काढून मोजा. लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर टोकियो-ओसाका मार्गाच्या शिंकान्सेनमध्ये मोठ्या सामानाची जागा असलेली सीट आरक्षित करावी लागते. आरक्षणाला जादा पैसे नाहीत, पण न करता चढलात तर १,००० येन भरावे लागतात. २५० सेंटिमीटरच्या वरची बॅग चालतच नाही.

चार्जरसाठी दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो. तिथली वीज १०० व्होल्टची. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर तिच्यावर चालतात, आपल्याकडची २३० व्होल्टची किटली किंवा छोटा कुकर मात्र नीट तापत नाही. तो घरीच ठेवा. किटली जवळजवळ प्रत्येक खोलीत असते.

रोख, कार्ड आणि फोन

विमानतळावर उतरल्यावर सुइका किंवा पास्मो कार्ड घ्या. फाटकावर टेकवायचं, आत जायचं, उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. दुकानात, लॉकरला, पेयांच्या यंत्रालाही ते चालतं. त्यात एका वेळी २०,००० येनपर्यंत रक्कम ठेवता येते. आयफोनमध्ये सुइका थेट घालता येतं. भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये जपानी पद्धतीची सोय सहसा नसते, त्यांनी प्लास्टिकचंच कार्ड घ्यावं. घरातल्या प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, एकावर दोघांना जाता येत नाही.

या कार्डाची एक मर्यादा बऱ्याच जणांना उशिरा कळते. देश वेगवेगळ्या विभागांत वाटलेला आहे आणि एका विभागात कार्ड टेकवून दुसऱ्या विभागात उतरता येत नाही. टोकियोत सुइका चालतं, ओसाकातही चालतं, पण टोकियोत टेकवून लांबच्या साध्या गाडीने दुसऱ्या विभागात गेलात तर तिथलं फाटक उघडणार नाही. कार्डाची सोय नसलेल्या लहान स्टेशनावरही हेच होतं: भाडं रोख भरावं लागतं, कार्डावरची अर्धवट नोंद पुसण्यासाठी एक चिठ्ठी मिळते आणि ती पुढच्या मोठ्या स्टेशनात दाखवेपर्यंत कार्ड बंद पडून राहतं. खेड्याकडे जाताना कागदी तिकीट काढा.

रोख रक्कम सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या आणि पोस्टाच्या एटीएममधून निघते. खेड्याकडे निघण्याच्या आदल्या दिवशी माणशी १५,००० ते २०,००० येन रोख ठेवा, आणि त्यात १,००० च्या नोटा आणि १०० ची नाणी भरपूर हवीत. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या, २०२१ मध्ये दोन रंगांचं नवं ५०० येनचं नाणं आलं. आडगावच्या जुन्या यंत्रांना ही दोन्ही ओळखू येत नाहीत असं अजूनही घडतं. जुनी नाणी हातात आली की ती बससाठी बाजूला काढा.

शहरात: स्टेशन वाचायला शिका

टोकियोत हॉटेल निवडताना स्टेशनपासून चालत आठ-दहा मिनिटांच्या आतलं घ्या. उएनो, आसाकुसा हे भाग नवख्यांना सोयीचे. यामानोते ही शहराभोवती गोल फिरणारी लोकल आहे, ३० स्टेशनं, एक फेरी तासाभराची. तिच्याजवळ राहिलात तर अर्धं शहर हाताशी येतं.

मोठ्या स्टेशनात हरवण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: बाहेर पडण्याचं दार आधी बघितलेलं नसतं. शिंजुकूला दोनशेच्या आसपास दारं आहेत. चुकीच्या दाराने बाहेर आलात तर रस्त्यावरून वळसा घालून यायला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. नकाशाच्या ॲपमध्ये मार्ग काढला की दाराचा क्रमांक दिसतो, ‘ए३’ किंवा ‘बी२’ असा. गाडीत बसल्यावर तो पाठ करा आणि उतरल्यावर पिवळ्या पाट्यांवर फक्त तेवढाच शोधा. गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर लिफ्ट कुठल्या दाराशी आहे हेही बघा, प्रत्येक दाराशी ती नसते.

दुसरी चूक गाडीच्या प्रकाराची. आपल्याकडच्या स्लो आणि फास्ट लोकलसारखंच, फक्त प्रकार जास्त. ‘काकुएकि’ किंवा ‘फुत्सू’ प्रत्येक स्टेशनावर थांबते, ‘काइसोकु’ मोठ्या स्टेशनांवर, ‘तोक्क्यू’ मोजक्याच. जेआर या देशभर पसरलेल्या रेल्वेच्या तोक्क्यूला वेगळं तिकीट लागतं. काही खासगी मार्गांवर, उदाहरणार्थ हांक्यूवर, त्याच नावाच्या गाडीला जादा पैसे नसतात. क्योटोत याचा फटका हमखास बसतो तो फुशिमी इनारीला जाताना. इनारी हे क्योटोपासून नारा मार्गावरचं दुसरं स्टेशन, जेमतेम पाच मिनिटांवर, पण काइसोकु तिथे थांबत नाही. फुत्सूतच बसा. ते देवस्थान चोवीस तास उघडं आणि विनामूल्य आहे. लाल कमानींची रांग मोकळी बघायची असेल तर सकाळी सातच्या आत पोचा. दहानंतर कमानी दिसत नाहीत, माणसांच्या पाठी दिसतात.

क्योटोच्या सिटी बसला शहरात सरसकट २३० येन लागतात, मागच्या दाराने चढायचं, पुढच्याने उतरताना पैसे द्यायचे. गर्दीच्या दिवसांत बसपेक्षा मेट्रो आणि चालणं यांचा मेळ घाला.

सकाळी साडेसात ते साडेनऊ बॅगा घेऊन टोकियोच्या लोकलमध्ये चढू नका. त्या वेळी काही मार्गांवर महिलांसाठी राखीव डबा असतो, फलाटावर गुलाबी खूण असते. गाडीत फोनवर बोलत नाहीत. कचऱ्याचे डबे रस्त्यावर जवळजवळ नसतातच, पिशवीत एक रिकामी पिशवी ठेवा. स्वच्छतागृहं विनामूल्य आणि स्वच्छ असतात, बहुतेक ठिकाणी पाण्याच्या फवाऱ्याची सोयही असते. हात पुसायला मात्र स्वतःचा रुमाल लागतो.

शिंकान्सेन

तिकीट यंत्रावर किंवा काउंटरवर, प्रवासाच्या एक महिना आधीपासून मिळतं. कागदी तिकीट घेतलं की अनेकदा दोन तुकडे हातात येतात, एक मूळ भाड्याचा आणि एक जलद गाडीचा. फाटकात दोन्ही एकावर एक ठेवून एकदम घालायचे आणि पलीकडून बाहेर आले की दोन्ही उचलायचे. घाईत एकच उचलून पुढे जाणारे पुष्कळ. उतरताना दुसरा मागतात. फलाटावर डब्याचा क्रमांक जमिनीवर लिहिलेला असतो. गाडी मधल्या स्टेशनांत मिनिट-दीड मिनिटच थांबते, म्हणून उतरायच्या आधी पाच मिनिटं दाराशी या. टोकियोहून क्योटोकडे जाताना फुजी उजवीकडे दिसतो, त्यासाठी खिडकीची ‘ई’ सीट मागा.

किसोचं खोरं: खेड्यातला पहिला दिवस

एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) टोकियो आणि क्योटो जोडणारा डोंगरातला रस्ता म्हणजे नाकासेंदो. त्यावरच्या मागोमे आणि त्सुमागो या दोन जुन्या मुक्कामांमधली सुमारे ८ किलोमीटरची पायवाट नवख्यांसाठी सर्वांत चांगली आहे. त्सुमागोच्या लोकांनी १९७१ मध्ये ठरवलं की घरं विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत, पाडायची नाहीत. विजेच्या तारासुद्धा रस्त्यावरून दिसत नाहीत. त्यामुळे संध्याकाळी पर्यटक परतले की गाव जसं उरतं, ते बघण्यासाठी तिथे रात्र काढायलाच हवी.

मागोमेकडून सुरुवात करा. ते त्सुमागोपेक्षा उंचावर आहे, त्यामुळे पहिला दोन-अडीच किलोमीटरचा चढ संपवून सुमारे ८०० मीटर उंचीची खिंड गाठली की पुढे सगळा उतारच. उलट दिशेने निघालात तर हाच उतार चढ होतो.

टोकियोहून सकाळी आठच्या सुमारास नोझोमी ही सर्वांत वेगवान शिंकान्सेन पकडा, नागोयाला एक तास चाळीस मिनिटांत पोचाल. तिथून शिनानो ही तोक्क्यू साधारण दर तासाला सुटते, नाकात्सुगावाला पन्नास मिनिटं. स्टेशनाबाहेरून मागोमेची बस, पाऊण तासाच्या आत तिथे. म्हणजे बाराच्या आगेमागे मागोमे. दोन गावांमध्ये बॅगा पोचवण्याची सेवा आहे, पण ती सकाळी साडेअकराच्या आतच बॅगा घेते, म्हणून टोकियोहून त्याच दिवशी येणाऱ्याला ती मिळत नाही. मोठी बॅग टोकियोहून थेट क्योटोला पाठवा असं वर सांगितलं, ते यासाठी.

आता बस. आपल्या एसटीत कंडक्टर येतो, इथे कोणीही येत नाही, सगळं आपणच करायचं. ग्रामीण बसमध्ये सहसा मागच्या दाराने चढतात. दाराशीच एका पेटीतून कागदाची छोटी चिठ्ठी बाहेर आलेली असते, तिच्यावर एक आकडा असतो. ती घ्या. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक फलक असतो, त्यात प्रत्येक आकड्याखाली भाडं दिसतं आणि बस पुढे जाईल तसं ते वाढत जातं. तुमचा थांबा जवळ आला की बटण दाबा, बस पूर्ण थांबल्यावरच उठा. तोपर्यंत तुमच्या आकड्याखाली जे भाडं असेल तेवढेच पैसे आणि ती चिठ्ठी ड्रायव्हरशेजारच्या पेटीत टाका. बहुतेक पेट्या सुटे परत देत नाहीत. ३८० येनच्या भाड्याला ५०० चं नाणं टाकलं तर वरचे १२० गेले. सुटे करण्यासाठी त्याच पेटीला वेगळी फट असते. त्यात १,००० ची नोट किंवा मोठं नाणं घातलं की पूर्ण रकमेची नाणी बाहेर येतात. भाडं त्यानंतर वेगळं मोजून टाकायचं. ५,००० आणि १०,००० च्या नोटा ती घेत नाही. सुटे करण्याचं काम बस सिग्नलला उभी असताना उरका, उतरताना मागे रांग थांबवून नव्हे. चिठ्ठी घ्यायची राहिली तर सुरुवातीच्या थांब्यापासूनचं भाडं लागू शकतं.

मागोमेतून साडेबाराच्या आत निघा. तीन तास धरा, म्हणजे साडेतीनला त्सुमागो. वाट दगडी फरसबंदीची आहे, ओली असली की चांगलीच घसरते, बुटांचा तळवा धरणारा हवा. वाटेत ठिकठिकाणी घंटा टांगलेल्या आहेत. त्या देवळातल्या नाहीत, अस्वलांना माणूस येतोय हे कळावं म्हणून आहेत. प्रत्येक घंटा जोरात वाजवा. खिंडीनंतर एका जुन्या लाकडी घरात वाटसरूंना मोफत चहा देतात, तिथे दहा मिनिटं बसा.

दुसऱ्या दिवशी त्सुमागोहून नागिसो स्टेशन बसने दहा मिनिटांवर आहे, पण बस थोड्या. चालत तासभर लागतो. शिनानोच्या सगळ्या गाड्या नागिसोला थांबत नाहीत, म्हणून आधी थांबणारी गाडी शोधा, मग तिला जुळणारी बस. नकाशाचं ॲप रेल्वेबाबत अचूक असतं, खेड्यातल्या बसबाबत नेहमीच नाही. ऋतूनुसार वेळापत्रक बदलतं. पोचल्याबरोबर थांब्यावरच्या पाटीचा फोटो काढा. त्यात आठवड्याचे दिवस आणि शनिवार-रविवार यांचे रकाने वेगळे असतात, चुकीचा रकाना वाचणं ही नेहमीची गफलत.

शाकाहारी माणसाने काय खायचं

इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण अर्धवट माहितीवर जपानला गेलेला शाकाहारी माणूस नकळत मासे खाऊन येतो.

सगळ्या अडचणीचं मूळ ‘दाशी’ या शब्दात आहे. दाशी म्हणजे रश्शाचं पाणी, आणि ते बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या चुऱ्यापासून करतात. मिसो सूपमध्ये दाशी, उदोन आणि सोबा या शेवयांच्या रश्शात दाशी, थंड सोबाबरोबरच्या वाटीतल्या चटणीत दाशी, शिजवलेल्या भाजीत दाशी, अंड्याच्या गोडसर आम्लेटातही दाशी. थंड तोफूवर तपकिरी पापुद्रे भुरभुरलेले दिसले तर तो तोच मासा. वेटरला ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की मांसाचे तुकडे काढतात, दाशी तशीच राहते. त्यात कोणाचा फसवण्याचा हेतू नसतो. त्यांच्या लेखी तो मासा नव्हे, चव असते. त्यामुळे ‘व्हीगन’ हा शब्द वापरा, तो जास्त नेमका समजतो. आणि हे वाक्य फोनमध्ये जपानीत लिहून ठेवा: ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन, कात्सुओ-दाशी मो ताबेमासेन’. मांस, मासे आणि माशाची दाशी खात नाही.

दुकानातल्या पाकिटांवर ॲलर्जीचा तक्ता असतो, त्यावर विसंबू नका. त्यात दूध, अंडं, गहू, कोळंबी, खेकडा यांची नोंद सक्तीची आहे, बोनिटोची नाही. घटकांची पूर्ण यादी भाषांतराच्या कॅमेऱ्याने वाचा. कोम्बु म्हणजे समुद्री शेवाळ घातलेली भाताची ओनिगिरी शाकाहारी वाटते, पण मसाल्यात माशाचा अर्क असू शकतो. नुसत्या मिठाची ओनिगिरी, उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा म्हणजे एदामामे, केळी, भाजलेलं रताळं, दही, सुका मेवा यांवर दिवस निघतो. टोकियो स्टेशनात फाटकांच्या आतच ‘टीज तानतान’ नावाचं पूर्ण व्हीगन रामेनचं दुकान आहे, तिथे एकदा जेवून घेणं शहाणपणाचं. भारतीय-नेपाळी उपाहारगृहं मध्यम आकाराच्या गावांतही सापडतात. टोकियोच्या निशिकासाई भागात भारतीय वस्ती मोठी आहे, किराणाही मिळतो.

खेड्यातल्या सरायीला बुकिंग करतानाच कळवा, आणि जाण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा एकदा. तिथे ऐन वेळी दुसरं काही करून देणं शक्य नसतं, सामान त्या दिवसापुरतंच आणलेलं असतं. काही सराया कळवल्यावर स्पष्ट नाही म्हणतात. तो नकार प्रामाणिक असतो, दुसरी शोधा किंवा जेवणाशिवायचं बुकिंग करून खाणं बरोबर न्या. जपानी भात उत्तमच असतो. मेतकुटाचं एक बंद पाकीट आणि तुपाची छोटी बाटली जवळ असली की तो गरम भात पूर्ण जेवण होतो. सोबत गरम पाण्यात भिजणारे पोहे-उपम्याचे कप ठेवा.

कोयासान: इथे शाकाहारी माणूस पाहुणा असतो

इ. स. ८१६ मध्ये कूकाई, म्हणजेच कोबो दाइशी, यांनी स्थापन केलेलं शिंगोन बौद्ध पंथाचं हे डोंगरमाथ्यावरचं गाव. उंची सुमारे ८०० मीटर, शंभरावर मंदिरं, त्यांतली पन्नासेक मुक्कामाची. या मुक्कामांना ‘शुकुबो’ म्हणतात. जेवण ‘शोजिन र्‍योरी’ पद्धतीचं: मांस-मासे नाहीत, परंपरेने कांदा-लसूणही नाही, दाशी शेवाळ आणि मश्रूमची. ताटात गोमा-दोफू येतो, नाव तोफूचं पण त्यात सोयाबीन नाही, तीळ वाटून कुझू या वेलीच्या मुळाच्या पिठात शिजवलेला मऊ चौकोन. आणि कोया-दोफू, गोठवून वाळवलेला तोफू, जो रस्सा स्पंजासारखा शोषतो आणि दाताखाली आला की सोडतो. दहा दिवसांतलं निर्धास्त जेवण हेच.

ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई मार्गाने गोकुराकुबाशी गाठायचं. आरक्षित गाडीने सुमारे ८० मिनिटं, साध्या जलद गाडीने हाशिमोतोला बदलून थोडी जास्त. तिथून केबल कारने पाच मिनिटांत वर. वरच्या स्टेशनातून गावात चालत जाऊ नका, तो रस्ता फक्त बसचा आहे, पादचाऱ्यांना बंदी आहे. दुपारी तीनपर्यंत पोचा. पाचच्या आत मंदिरात हजर राहायचं असतं, जेवण साडेपाच-सहाला, सकाळची प्रार्थना सहाच्या सुमारास. खोल्यांत थंडी असते, मेमध्येसुद्धा एक स्वेटर हवा. जमिनीवर बसून जेवायचं असतं. ज्येष्ठांसाठी बुकिंगच्या वेळीच छोटी खुर्ची मागा.

ओकुनोइनची दफनभूमी दोनदा बघा, अंधार पडताना आणि पहाटे. इचिनोहाशी पुलापासून कोबो दाइशींच्या समाधीपर्यंत दोन किलोमीटर, उंच सुरूंसारख्या देवदारांखाली दोन लाखांवर थडगी. शेवटच्या पुलापलीकडे फोटो काढायचे नाहीत. कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये त्याचं अनावरण तेव्हाचे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी केलं. मराठी माणसाने तिथवर जाऊन ते बघितल्याशिवाय परतू नये.

खोलीत आणि गरम पाण्याच्या कुंडात

दाराशी बूट काढायचे, चपला घालायच्या. तातामीच्या चटईवर त्या चपलाही नाहीत, फक्त मोजे. शौचालयाच्या चपला वेगळ्या, त्या घालून बाहेर आलात की सगळ्यांच्या लक्षात येतं. युकाता हा सुती झगा नेसताना डावी बाजू उजवीच्या वर, उलट नेसवतात ते मृताला. ओनसेनमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या स्नानगृहात, आधी स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, मग कुंडात. अंगावर कपडे नसतात, स्त्री-पुरुषांचे भाग वेगळे असतात. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. संकोच वाटत असेल तर खासगी कुंड तासाच्या हिशेबाने मिळतं का ते विचारा.

बिघडलं तर

शेवटची बस चुकली तर आधी सरायीला फोन करा, मग टॅक्सी. उशीर न कळवणं ही खेड्यात सर्वांत मोठी चूक, कारण जेवण तुमच्यासाठी थांबलेलं असतं. ई-सिमवर बहुधा फोन लागत नाही, फक्त डेटा असतो. स्टेशन मास्तरांना किंवा पर्यटन कार्यालयात फोन करून देण्याची विनंती करा, ते करतात. गाडीत वस्तू राहिली तर गाडीची वेळ आणि डब्याचा क्रमांक सांगा. तिकिटाचा फोटो काढून ठेवण्याचा उपयोग इथे होतो. पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी ११९. भूकंपाचा इशारा फोनवर मोठ्या आवाजात येतो. इमारतीत असाल तर पळू नका, टेबलाखाली डोकं झाका आणि हादरे थांबेपर्यंत तिथेच थांबा.

परतताना सुइकातली शिल्लक ओसाकात परत मिळत नाही, ते काम फक्त पूर्व विभागाच्या स्टेशनांत होतं. कान्साई विमानतळावरच्या दुकानात उरलेले पैसे खर्च करा आणि कार्ड जपून ठेवा, शेवटच्या वापरापासून दहा वर्षं ते चालतं.